एफडी मोडून बाग करावी का?

प्रश्न: सासवडला ५ गुंठ्यांत नुकतंच घर बांधलं. मिस्टर शिक्षक होते, पेन्शन ३८ हजार. घराचं काम संपून बचत खात्यात २ लाख उरलेत, शिवाय ६ लाखांची एफडी आहे. पुण्याच्या एका लँडस्केप फर्मने बागेचं ४,८५,००० चं कोटेशन दिलंय, त्यांना २५ हजार टोकनही दिलं. गावातला मुकादम १,६५,००० म्हणतो, पण लिहून देत नाही. मेअखेरीस वास्तुशांत आहे, तोवर लॉन तयार हवंय. बोअरचं पाणी मार्चमध्ये आटतं, मग १०,००० लिटरचा टँकर १,८०० ला पडतो. एफडी मोडावी का?

उत्तर: ताई, एफडी मोडू नका. मोडली तर बँक जितके महिने पैसे राहिले त्या मुदतीचा दर धरेल आणि वर अर्धा-एक टक्का दंड कापेल. तुमच्या बाबतीत ते दहा-बारा हजारांचं नुकसान होईल, आणि तेवढ्यासाठी मी अडून बसलो नसतो. मला अडतंय ते बाग झाल्यानंतरच्या खर्चाशी.

कोटेशनमध्ये २,००० चौरस फुटांचं लॉन आहे, म्हणजे साधारण १८६ चौरस मीटर. उन्हाळ्यात लॉन हिरवं ठेवायचं तर चौरस मीटरला रोज पाचेक लिटर पाणी लागतं. दिवसाला ९३० लिटर झाले. मार्च ते पाऊस लागेपर्यंत शंभर दिवस धरा, नऊ-दहा टँकर, १७ हजार रुपये. कापणी, खुरपणी, फवारणी बघणारा माळी महिना ४ हजारांच्या खाली येणार नाही, त्याचे वर्षाला ४८ हजार. खत-औषध पाच हजार. बेरीज ७० हजार, म्हणजे पेन्शनचा जवळजवळ सातवा हिस्सा. उलटं बघा: ७ टक्क्यांनी वर्षाला ७० हजार व्याज यायला १० लाखांची एफडी लागते. तुमच्याकडे आहे ६ लाखांची, आणि तीच मोडायला निघालात.

कोटेशनच्या तळाशी बारीक अक्षरात 'जीएसटी वेगळा' लिहिलंय, ते तुमच्या नजरेतून सुटलं असावं. १८ टक्क्यांनी ते ८७,३०० होतात, म्हणजे एकूण आकडा पावणेसहा लाखांच्या घरात जातो. नुसती रोपं विकत घेतली तर त्यांवर जीएसटी नाही. सगळं मिळून एकच काम म्हणून बिल केलं की फर्म सहसा पूर्ण रकमेवर लावते. मुकादमाची नोंदणी नसेल तर त्याला जीएसटी मागताच येत नाही.

कोटेशनमधले रॉयल पाम आणि फॉक्सटेल पाम १,१०,००० चे आहेत. सावली नाही, फळ नाही, तहान मात्र दांडगी, आणि रॉयल पामची वाळलेली झावळी गाडीवर पडली तर पत्रा चेपतो. सासवडला पाम कशाला, हे मला खरंच कळलं नाही. पुरंदर सीताफळ-अंजिराचा तालुका आहे. इथल्या अंजिराला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. तुमच्या हलक्या जमिनीत सीताफळ, आवळा, बहावा, पारिजातक आणि मोरीच्या पाण्यावर कढीपत्ता लावा. पहिली दोन-तीन वर्षं जपलीत की पुढे ही झाडं फारसं पाणी मागत नाहीत. शेवगा हवा असेल तर पार्किंगपासून लांब, वाऱ्यात त्याच्या फांद्या पटकन मोडतात. फर्मने आराखड्यात कोपऱ्यातला जुना कडुनिंब काढायला सांगितलाय तो राहू द्या. नगरपरिषद हद्दीत १९७५ च्या वृक्ष कायद्यानुसार परवानगीशिवाय तोडता येत नाहीच, आणि तशी सावली विकत घ्यायला गेलात तर दहा-पंधरा वर्षं थांबावं लागेल.

मेअखेरीस लॉन लावणं म्हणजे टँकरवाल्याची वास्तुशांत. मे महिन्यात खड्डे खणून तापू द्या, शेणखत-माती भरून ठेवा, ठिबकच्या लाइनी टाका, आणि जूनअखेरीस दोन चांगले पाऊस झाल्यावर रोपं लावा. शिंदवणे घाट उतरलात की उरुळी कांचन-सोरतापवाडीच्या नर्सऱ्या लागतात. स्वतः जाऊन रोपं निवडा. पिशवी उचलून तळ बघा. मुळं खालून बाहेर येऊन गोल गुंडाळली असतील तर ते रोप स्वस्तातही नको.

काम मुकादमालाच द्या, पण तोंडी नाही. त्याला लिहिता येत नसेल तर तुम्ही लिहा आणि सही घ्या: रोपाचं नाव, पिशवीचा आकार, किती नग, मेलेलं रोप कधीपर्यंत बदलून देणार. लाल माती तो ब्रासवर लावेल. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. डंपर रिकामा व्हायच्या आत टेपने मोजा. मातीत लव्हाळ्याच्या गाठी दिसल्या तर गाडी परत पाठवा, त्या एकदा आल्या की वर्षानुवर्षं खुरपत बसाल. ठिबक पुरण्याआधी लाइन सुरू करायला लावा आणि शेवटच्या ड्रिपरखाली लिटरचं माप ठेवा. तासाला ४ लिटर सोडणारा ड्रिपर असेल तर पंधरा मिनिटांत माप भरलं पाहिजे. तेवढ्या वेळात जेमतेम अर्धंच माप भरत असेल तर तिकडची झाडं एप्रिलमध्ये जातील. ॲडव्हान्स ३० टक्क्यांवर देऊ नका, आणि १५ टक्के दिवाळीनंतर, जगलेली झाडं मोजून द्या.

लॉनला वगळलं की मुकादमाचा आकडा सव्वा लाखापर्यंत उतरायला हवा. तो बचत खात्यातून द्या. उरलेल्यातले वीस-पंचवीस हजार छतावरचं पाणी बोअरमध्ये सोडायला वापरा. १,५०० चौरस फुटांच्या छतावर ५०० मिलिमीटर पाऊस पडला तरी ५०-५५ हजार लिटर हाती लागतं. पुढच्या वर्षी बोअर एप्रिलपर्यंत टिकलं तर ओसरीसमोर ३०० चौरस फूट हिरवळ करा, नातवंडांना लोळायला तेवढी पुष्कळ. कारंजं आणि लाइटचे ९५ हजार मी विचारातही घेतलेले नाहीत.

टोकनचे २५ हजार गेले म्हणून उरलेले साडेपाच लाख घालायचे नसतात. फर्मला फोन करून परत मागा. नाहीच म्हणाले तर त्या पैशांत आराखडा तरी मागून घ्या. पाम आणि लॉन खोडून टाका, बाकी मापं मुकादमाला लाइनी टाकताना उपयोगी पडतील.