एकाच घडणीची विकरं, कापण्याच्या जागा वेगळ्या

प्रश्न : ट्रिप्सिन आणि कायमोट्रिप्सिन या प्रथिनं तोडणाऱ्या विकरांची (एन्झाइमांची) घडण जवळजवळ सारखीच. मग ती प्रथिनाची साखळी वेगवेगळ्या जागी का तोडतात?

उत्तर : प्रत्यक्ष कापणारी तीन अमिनो आम्लांची तिकडी (हिस्टिडीन ५७, अ‍ॅस्पार्टेट १०२, सेरीन १९५; आकडे म्हणजे विकराच्या साखळीतल्या जागा) दोघांतही तीच आहे. फरक आहे तो शेजारच्या खोलगट कप्प्यात. ट्रिप्सिनच्या कप्प्याच्या तळाशी, १८९ व्या जागी, ऋणभारित अ‍ॅस्पार्टेट असतं. ते तोडायच्या प्रथिनातल्या धनभारित लायसीन किंवा आर्जिनीन या अमिनो आम्लाची लांब बाजूसाखळी धरून ठेवतं आणि बंध नेमका त्याच्या पुढे तुटतो. कायमोट्रिप्सिनमध्ये तिथे सेरीन आहे, भार नाही. त्यामुळे फेनिलअ‍ॅलनीन, टायरोसीन, ट्रिप्टोफॅनची सपाट वलयं आत नीट बसतात.

पण गोष्ट एवढी सरळ नाही. ट्रिप्सिनमधलं १८९ चं अ‍ॅस्पार्टेट काढून सेरीन घातलं, तरी त्याचं चांगलं कायमोट्रिप्सिन होत नाही. कप्प्यातल्या साखळीला थेट न शिवणारे पृष्ठभागावरचे दोन वळसेही बदलावे लागतात. आमच्या मते यातला हाच भाग सर्वांत मोलाचा आहे, आणि पाठ्यपुस्तकी आकृत्यांत तोच बहुधा सुटतो.

तुम्ही ट्रिप्सिनने प्रथिन तोडण्याचा प्रयोग करणार असाल, तर लायसीन किंवा आर्जिनीननंतर प्रोलीन आलं की ट्रिप्सिन सहसा कापत नाही, हे ध्यानात ठेवा. टायरोसीननंतर तुटलेले तुकडे दिसले तर कायमोट्रिप्सिनच्या भेसळीचा संशय घ्या. ती टाळायला टीपीसीके (कायमोट्रिप्सिन निकामी करणारं रसायन) वापरून प्रक्रिया केलेलं ट्रिप्सिन वापरा. विकर आणि प्रथिन वजनाने १:५०, पीएच ८ च्या आसपास, तापमान ३७ अंश सेल्सिअस. प्रथिनाची घडी उलगडायला युरिया घातला असेल, तर विकर मिसळण्याआधी तो २ मोलरच्या खाली आणा.