‘आमची पॉलिसी आहे’ हे लेखी मागा

प्रश्न : माझे थोरले बंधू ४७ वर्षांचे आहेत. हृदय फार कमजोर झालंय, ईएफ (दर ठोक्याला हृदय किती टक्के रक्त बाहेर ढकलतं ते) १५ टक्क्यांवर आलाय. एचआयव्हीची औषधं ससूनच्या एआरटी केंद्रातून बरीच वर्षं नियमित चालू आहेत, व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं विषाणूचं प्रमाण, तपासणीत सापडत नाही. एका खासगी रुग्णालयातल्या डॉक्टरांनी एलव्हीएडी, म्हणजे हृदयाला मदत करणारा पंप, सुचवला. एचआयव्हीचा रिपोर्ट पाहिल्यावर मात्र ‘अशा पेशंटना आम्ही पंप बसवत नाही, हॉस्पिटलची पॉलिसी आहे’ असं तोंडी सांगितलं. फाइलवर लाल स्टिकरही लावलाय. कोर्टात गेलो तर नाव बाहेर येईल, ही दादांना धास्ती. काय करावं?
– एक वाचक, हडपसर

उत्तर : पंप बसवाच, असा हुकूम कोणतंही न्यायालय सहसा देणार नाही. हृदयाची उजवी बाजूही निकामी असेल, मूत्रपिंडं साथ देत नसतील, रक्त पातळ करणारी औषधं झेपणार नसतील, तर डॉक्टर नाही म्हणू शकतात आणि ते तुम्ही ऐकावं. पण नुसता एचआयव्ही हे कारण चालत नाही. १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झालेल्या एचआयव्ही-एड्स कायद्याच्या कलम ३ नुसार त्या कारणाने उपचार नाकारणं हा भेदभाव आहे. खासगी रुग्णालयं त्यातून सुटलेली नाहीत.

तुमची अडचण ‘तोंडी’ या शब्दात आहे. आजच ईमेल करा : पंपासाठी अपात्र ठरवण्याचं वैद्यकीय कारण लेखी द्या, आणि केसपेपरच्या प्रती द्या. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार कागदपत्रं ७२ तासांत द्यावी लागतात. लेखी मागितल्यावर अशा पॉलिसी बऱ्याचदा सापडेनाशा होतात.

ईमेलला व्हायरल लोड आणि सीडी४ (प्रतिकारशक्तीच्या पेशींची संख्या) चे ताजे रिपोर्ट जोडा. हृदय-फुप्फुस प्रत्यारोपणाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०१६ मध्येच म्हटलंय की, औषधं नियमित असतील, व्हायरल लोड सापडत नसेल, सीडी४ तीन महिन्यांहून अधिक काळ २०० च्या वर असेल आणि काही ठरावीक गंभीर संसर्ग झालेले नसतील, तर निवडक एचआयव्हीबाधितांचा हृदय प्रत्यारोपणासाठी विचार करता येतो. हे निकष पंपाचे नव्हेत, प्रत्यारोपणाचे आहेत, हे मान्य. पण नवं हृदय मिळेपर्यंत तग धरण्यासाठीच पंप अनेकदा बसवतात. ज्याचा प्रत्यारोपणासाठी विचार होऊ शकतो, त्याला पंप सरसकट बंद का, याचं उत्तर रुग्णालयाकडे हवं.

उत्तर टाळलं, तर रुग्णालयाच्या तक्रार अधिकाऱ्याकडे जा. वीस किंवा जास्त माणसं असलेल्या आरोग्यसंस्थेत तो नेमावाच लागतो. त्याच वेळी राज्य सरकारने या कायद्याखाली नेमलेल्या लोकपालांकडे तक्रार करा. एरवी निर्णयाला तीस दिवसांची मुदत आहे, पण वैद्यकीय तातडी असेल तर शक्यतो २४ तासांत आदेश द्यायचा असतो. म्हणून ‘तातडी’ हा शब्द आणि ईएफचा आकडा पहिल्याच ओळीत लिहा. आदेश मोडला तर दहा हजारांपर्यंत दंड, पुढे रोज पाच हजारांपर्यंत. मोठ्या रुग्णालयाच्या कँटीनचा गल्लाही याहून मोठा असेल! तरी लेखी आदेशाला ते वचकतात. तिथेही काही हललं नाही, तर उच्च न्यायालय. पुण्याला खंडपीठ नाही, त्यामुळे मुंबई गाठावी लागेल.

नावाची धास्ती दादांनी सोडावी. टोपणनावाने आणि बंद दाराआड सुनावणी मागायची सोय कायद्यातच आहे. त्याच्या कितीतरी आधी, १९९७ साली, मुंबई उच्च न्यायालयात एका एचआयव्हीबाधित कामगाराचं प्रकरण ‘एमएक्स’ या नावाने चाललं होतं. भाऊ म्हणून तक्रार तुम्हीही करू शकता, फक्त दादांची लेखी संमती घ्या. त्यांचा आजार तुम्ही चार ठिकाणी सांगणार आहात.

लाल स्टिकरची तक्रार वेगळी नोंदवा. संसर्गाची खबरदारी प्रत्येक रुग्णाबाबत सारखीच घ्यायची असते. फाइलवर खूण करून वॉर्डबॉयपासून सगळ्यांना आजार कळवणं हा गोपनीयतेचा भंग आहे.

आणि हे सगळं चालू असताना पंप बसवणाऱ्या दुसऱ्या केंद्राकडे कागद आजच पाठवा. तक्रारीचा मसुदा संध्याकाळी केला तरी चालेल.