छोटं पिस्तूल, परवडणारं पिस्तूल : वाचकांचे प्रश्न

या वेळी मराठवाड्यातून आलेले बरेचसे प्रश्न एकाच गोष्टीभोवती फिरतायत, लहान आणि खिशाला परवडेल असं पिस्तूल. काहींना ते संरक्षणासाठी हवंय, काहींना नेमबाजीसाठी. दोन्हींचे रस्ते वेगळे आहेत म्हणून उत्तरंपण वेगळी देतोय.

प्रश्न : माझं कापूस खरेदीचं काम आहे. सीझनमधे रात्री उशिरा रोकड घेऊन गावोगाव फिरावं लागतं. कमरेला लावून दिसणार नाही असं छोटं पिस्तूल घ्यावं म्हणतोय, बजेट लाखभर. मित्र म्हणतोय नऊ एमएम घे, बाकी सगळं खेळणं आहे. दुसरा म्हणतोय बत्तीसच घे. कोणाचं ऐकू?
*एक व्यापारी, गेवराई*

उत्तर : दादा, नऊ एमएमचा विषय पहिल्यांदा डोक्यातून काढून टाका. ते लष्कर-पोलिसांचं कॅलिबर (म्हणजे बोअर, नळीच्या आतलं माप) आहे, आपल्याकडच्या कायद्यात प्रतिबंधित बोअरमधे येतं आणि तुमच्या-माझ्यासारख्या सामान्य माणसाला त्याचा परवाना जिल्ह्यातून मिळत नाही. यूट्यूबवर अमेरिकेतली पोरं जी छोटी छोटी पिस्तुलं दाखवतात ती बघून मन जातं हे मान्य, पण इथं दुकानात गेल्यावर तुमच्यासमोर येणार आहे ते बत्तीस बोअर, म्हणजे ०.३२ इंच नळीचं. सरकारी कारखान्याचं 'अशनी' पिस्तूल आहे, कानपूरचं 'निर्भीक' रिव्हॉल्व्हर आहे (२०१४ साली आलं, वजन अर्धा किलोच्या आसपास), आणि आता काही खाजगी कंपन्यापण बनवायला लागल्यात. हे सरकारी कारखाने चालवणारं ऑर्डनन्स फॅक्टरी बोर्ड १ ऑक्टोबर २०२१ ला बंद होऊन त्याच्या वेगवेगळ्या कंपन्या झाल्या, त्यामुळं जुन्या आणि नव्या मालावर शिक्का वेगळा दिसला तर गडबडून जाऊ नका.

लाखभर बजेट म्हणताय, तर कर धरून हिशोब करा. सप्टेंबर २०२५ पासून पिस्तूल-रिव्हॉल्व्हरवरचा जीएसटी २८ वरून ४० टक्के झालाय. दुकानदार किंमत सांगेल ती कर सोडून की धरून, हे आधी विचारा.

अजून एक, बत्तीस म्हणजे एकच गोळी नाही. पिस्तुलाचं बत्तीस आणि रिव्हॉल्व्हरचं बत्तीस ही दोन वेगळी काडतुसं आहेत, रिव्हॉल्व्हरच्या पुंगळीच्या बुडाला बाहेर आलेली कड असते आणि ती लांबीलापण जास्त असते. घेताना पिस्तूल कशाचं आहे हे सांगूनच राउंड (काडतुसं) घ्या, नुसतं बत्तीस द्या म्हणून चालत नाही.

आता मुख्य मुद्दा, जो दुकानात कुणी सांगत नाही. छोटं पिस्तूल चालवायला सोपं असतं असं लोकांना वाटतं, ते उलट आहे. बॅरल आखूड, पकडायला दोन-तीन बोटांपुरतीच जागा आणि नेम धरायच्या पुढच्या-मागच्या खुणा, म्हणजे साइट, एकमेकींच्या जवळ. साधा हिशोब करून बघा, दोन्ही साइटमधे १२ सेंटिमीटर अंतर असेल आणि फोरसाइट (पुढची साइट) फक्त १ मिलिमीटर इकडंतिकडं झाली तर १० मीटरवर गोळी ८ सेंटिमीटरच्या वर बाजूला जाते. घाबरलेल्या माणसाचा हात १ मिलिमीटरवर थांबत नाही. त्यात या साध्या ब्लोबॅक (वरचा सरकणारा भाग म्हणजे स्लाइड, ती स्वतःच्या वजनावर आणि स्प्रिंगच्या जोरावर बंद राहणाऱ्या) पिस्तुलांची स्प्रिंग कडक असते, स्लाइड मागं ओढताना नवख्या माणसाचा अंगठा घसरतो, अर्धीच ओढली की राउंड अडकतो. अंधारात, गाडीत बसून, सीटबेल्ट लावलेला असताना हे करायचंय हे डोळ्यापुढं आणा. म्हणून माझं स्पष्ट मत, ज्याला रेंजवर जाऊन नियमित सराव करायला जमणार नाही त्यानं पिस्तूल घेऊ नये, स्वस्त नाही आणि महागपण नाही. पिस्तूल एकदाच घ्यायचं असतं, पण राउंडचा खर्च कायमचा असतो, वर्षाला किती घेता येतील याला परवान्यावर मर्यादा असते, आणि शेतात बांधावर उभं राहून हवेत दोन फायर करून बघितले याला सराव म्हणत नाहीत, तो गुन्हा आहे.

परवान्याचं सांगतो. वय २१ पूर्ण पाहिजे. अर्ज आता ऑनलाइन भरायचा, तुमच्याकडं जिल्हाधिकारी कार्यालयात जातो (छत्रपती संभाजीनगर शहरात राहणाऱ्यांचा पोलीस आयुक्तांकडं). मग ठाण्यातून चौकशी, शेजाऱ्यापाजाऱ्यांना विचारपूस, गुन्हे आहेत का, जिवाला खरंच धोका आहे का. डॉक्टरचं सर्टिफिकेट लागतं, शस्त्र हाताळायचं ट्रेनिंग घेतल्याचं प्रमाणपत्र लागतं आणि घरात ते सुरक्षित कुठं ठेवणार हेपण लिहून द्यावं लागतं. नुसतं "रोकड असते" एवढं लिहून भागत नाही, तुमचे व्यवहार, पूर्वी काही प्रकार घडला असेल तर त्याची तक्रार, असे कागद जोडा. तुमच्या बीड जिल्ह्यात २०२५ च्या सुरुवातीला परवान्यांची छाननी झाली आणि कित्येक रद्द झाले हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे, तेव्हा तिथं फाइल बारकाईनं बघणार हे धरून चला. नाकारला तर लेखी कारण मागा आणि विभागीय आयुक्तांकडं अपील करा. शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवाना ५ वर्षांचा असतो आणि एका माणसाला जास्तीत जास्त २ शस्त्रं ठेवता येतात.

आणि मनापासून एक सांगू का, तुमचा खरा प्रॉब्लेम रोकड आहे. शेतकऱ्याला आरटीजीएस नको असतं, त्याला हातात पैसे पाहिजेत, हे मला कळतं. पण निम्मे व्यवहार जरी खात्यावर गेले, वेळ आणि रस्ता रोजचा एकच ठेवला नाही, सोबत माणूस ठेवला, तर जेवढा धोका कमी होईल तेवढा कमरेच्या पिस्तुलानं होणार नाही. लुटणारा समोरून सांगून येत नाही. तो तुमच्या आधी तयारीत असतो, आणि झटापटीत पिस्तूल त्याच्या हाती गेलं तर काय, हा विचार घेण्याआधी करा. स्वसंरक्षणाचा हक्क भारतीय न्याय संहितेच्या ३४ ते ४४ कलमांत आहे, पण तो गरजेपुरताच. पळून चाललेल्या माणसाच्या पाठीत गोळी घातली तर कोर्टात उत्तर तुम्हालाच द्यावं लागेल.

प्रश्न : सर, माझी लेक नववीत आहे. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमधे मनू भाकरला मेडल घेताना बघितल्यापासून पिस्तूल शूटिंगच शिकायचं म्हणून हट्ट धरलाय. आम्ही साधी नोकरदार माणसं. बंदूक घरात आणायची म्हणलं की सासूबाई जेवायच्या बंद होतेत. खर्च किती, परवाना लागतो का, आमच्याकडं कोण शिकवणार?
*एक आई, लातूर*

उत्तर : ताई, हा प्रश्न वाचून फार बरं वाटलं. आधी सासूबाईंना सांगा की मनूनं पॅरिसला दोन्ही मेडलं मिळवली ती १० मीटर एअर पिस्तूलमधे, म्हणजे दारू नाही, स्फोट नाही, दाबलेल्या हवेवर ४.५ मिलिमीटरचा शिशाचा छर्रा जातो. या कॅलिबरचं आणि छर्ऱ्याची ताकद २० ज्यूलच्या आत असलेलं एअर वेपन घ्यायला शस्त्र परवाना लागत नाही, ओळखीचे कागद देऊन रीतसर दुकानातून पावतीवर घ्यायचं. तरी ते खेळणं नाही, डोळा जाऊ शकतो.

पण लगेच विकत घेऊ नका. पहिले काही महिने क्लबच्या पिस्तुलावर शिकू द्या, बऱ्याच ठिकाणी फीमधेच पिस्तूल वापरायला मिळतं. याचं कारण सांगतो. स्पर्धेचं पिस्तूल एका हातानं धरायचं असतं, दुसरा हात खिशात नाहीतर कमरेला, आणि त्याचं वजन दीड किलोपर्यंत चालतं. नववीतल्या मुलीचा खांदा आणि मनगट तयार व्हायला वेळ लागतो, जड पिस्तूल आधीच घेऊन दिलं तर ती हात पाडायला शिकते आणि ती सवय मोडता मोडत नाही. ग्रिप लाकडाची असते, ती तिच्या पंजाच्या मापाची पाहिजे. मोठ्या माणसाच्या मापाची ग्रिप घेऊन "वाढत्या अंगाचं" म्हणून युनिफॉर्मसारखं घ्यायचं नसतं.

घ्यायची वेळ येईल तेव्हा भारतीय बनावटीचं एअर पिस्तूल सुरुवातीला भरपूर झालं. परदेशी मॅच पिस्तुलं दीड-दोन लाखांच्या पुढं जातात, ती जिल्हा-राज्य पातळीवर स्कोअर यायला लागला की बघू. सेकंडहँड स्वस्तात मिळतं आणि त्यात वाईट काही नाही, फक्त एक गोष्ट नक्की बघा, हवेच्या सिलिंडरवर तारीख कोरलेली असते. साधारण १० वर्षांची मुदत असते, ती संपलेलं सिलिंडर स्पर्धेत तपासणीला अडवतात आणि २०० बारच्या दाबाला घरात ठेवणंपण धोक्याचं. पिस्तूल चकाचक दिसतंय म्हणून पैसे देऊन मोकळं होऊ नका. दुसरं, ट्रिगर दाबायला लागणारं वजन ५०० ग्रॅमच्या खाली नसावं, स्पर्धेआधी वजन टांगून बघतात.

घरी सराव होतो आणि छान होतो. १० मीटर सरळ जागा मिळाली तर उत्तम, नाहीतर छर्रा न घालता भिंतीवरच्या पांढऱ्या कागदासमोर नुसतं पिस्तूल उचलायचं, धरायचं, ट्रिगर दाबायचा. टार्गेटचा दहा गुणांचा ठिपका ११.५ मिलिमीटरचा असतो, शर्टाच्या बटणाएवढा, तो डोळ्याला स्पष्ट दिसायची गरजच नाही, स्पष्ट दिसायला पाहिजे फोरसाइट, हे मुलांना पटायला वेळ लागतो. खरे छर्रे मारायचे असतील तर टार्गेटचा मधला बिंदू जमिनीपासून १.४ मीटरवर येईल असं लावा, मागं पक्की भिंत आणि छर्रा अडकेल असा ट्रॅप पाहिजे. पत्र्यावर मारू नका, छर्रा उलटा येतो. आपल्याकडं उन्हाळ्यात सगळे गच्चीवर असतात, गच्चीवर अजिबात नको. झाल्यावर हात साबणानं धुऊनच जेवायला बसायचं, शिसं पोटात जायला नको.

शिकवणारे कुठं? लातूरच्या जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात जाऊन रायफल-पिस्तूल शिकवणारे मान्यताप्राप्त क्लब कोणते ते विचारा. पुढं गेली तर पुण्याला बालेवाडीला मोठी रेंज आहे. आणि कोल्हापूरकडं बघा, राही सरनोबत २०१८ च्या एशियन गेम्समधे २५ मीटर पिस्तूलमधे सोनं घेऊन आली, स्वप्नील कुसाळेनं पॅरिसला रायफलमधे ब्राँझ मिळवलं, तोपण कोल्हापूर जिल्ह्यातल्या खेड्यातला. कोल्हापूरला जमतं ते लातूरच्या पोरीला का जमू नये? पाण्याची बोंब असली तरी जिद्दीची नाही आपल्याकडं.

प्रश्न : परवान्याला वर्ष वर्ष जातं. बाहेरून येणारा गावठी कट्टा पंधरा-वीस हजारात मिळायलाय, बरेच जण ठेवायलेत. फक्त घरात ठेवायचा, वापरायचा नाही. काय हरकत आहे?
*नाव नको, परभणी जिल्हा*

उत्तर : हरकत ही की नुसता जवळ सापडला तरी शस्त्र कायद्याच्या २५ व्या कलमाखाली जेल आहे, २०१९ नंतर कमीत कमी २ वर्षं आणि जास्तीत जास्त ५. वापरला नाही हे सांगून सुटका नाही. आणि ज्या पाइपाची बॅरल केलेली असते तो काडतुसाचा दाब सहन करायला बनवलेलाच नसतो, फुटला की आधी तुमचाच पंजा जाणार. विकणारा उद्या पकडला गेला की त्याच्या फोनमधे तुमचा नंबर निघतो. भाऊ, तरुण दिसताय, नोकरी, पासपोर्ट, लग्न, सगळ्याला हे आडवं येतं. नका घेऊ.

प्रश्न : माझ्याकडं परवान्याचं बत्तीस पिस्तूल आहे. घरात लहान नातवंडं. मॅगझिन काढून कपाटात ठेवतो, तेवढं पुरे ना? आणि होल्स्टरमधे ठेवलं तरी पावसाळ्यात गंज का धरतो?
*एक निवृत्त शिक्षक, नांदेड*

उत्तर : गुरुजी, तेवढं पुरे नाही. मॅगझिन (राउंड भरायची डबी) काढलं तरी चेंबरमधे (नळीच्या बुडाशी राउंड बसतो तिथं) एक राउंड राहू शकतो आणि बरेच अपघात त्या एकाच राउंडनं होतात. क्रम पाठ करा, तोंड भिंतीकडं, बोट ट्रिगरच्या बाहेर, आधी मॅगझिन काढा, मग स्लाइड पूर्ण मागं ओढून धरा, चेंबरमधे डोळ्यानं बघा, अंधार असेल तर करंगळी घालून बघा. हाच क्रम उलटा केला, म्हणजे आधी स्लाइड ओढली आणि मग मॅगझिन काढलं, तर स्लाइडनं वरचा नवा राउंड चेंबरमधे नेऊन ठेवलेला असतो आणि तुम्हाला वाटतं रिकामं झालं. पिस्तूल आणि राउंड वेगवेगळ्या कुलपात ठेवा, किल्ल्या वेगळ्या. कपड्यांच्या कपाटात, साड्यांच्या घडीखाली ही जागा नातवंडांना तुमच्याआधी माहीत असते. आणि पाहुण्यांना दाखवायला काढायचं नाही, कोणी कितीही म्हणालं तरी.

गंजाचं कारण तुमचं होल्स्टरच आहे. चामडं घाम आणि दमट हवा धरून ठेवतं. होल्स्टर फक्त लावून जाताना, ठेवताना पिस्तूल बाहेर काढून, तेलाचा हलका हात फिरवून, सुती फडक्यात. तेल थापू नका, आपल्याकडच्या धुळीत त्याचा चिखल होतो आणि स्लाइड अडते.

प्रश्न : निवडणूक लागली की दरवेळी पिस्तूल ठाण्यात जमा करा म्हणतात. जमा केलं नाही तर? आणि भावाच्या वरातीत हवेत एक फायर केला तर चालतं का?
*एक वाचक, हिंगोली*

उत्तर : लेखी आदेश आला की मुदतीत जमा करा आणि शस्त्राचा नंबर लिहिलेली पावती घेतल्याशिवाय ठाण्यातून हलू नका, परत घेताना तोच नंबर जुळवा. तुम्हाला खरंच धोका असेल तर सूट मिळावी म्हणून अर्ज करता येतो, पण तो आदेशाची मुदत संपायच्या आत. वरातीतला फायर नाही चालत. आनंदात बेफिकिरीनं केलेल्या गोळीबाराला २०१९ पासून २ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही आहे, परवानापण जातो, आणि वर गेलेली गोळी खाली येतेच, मांडवात बायका-लेकरं बसलेली असतात. त्या दिवशी पिस्तूल घरी कुलपात ठेवूनच वरातीला जा.