महेश्वरला नर्मदेत पोहायची सवय आहे. ऑगस्टमध्ये स्कॉटलंडच्या सँडवुड बेवर समुद्रात उतरलं तर जमेल का?

जमेल, पण नर्मदेचा हिशेब तिथे लावू नका. ऑगस्टमध्येही पाणी जेमतेम १३-१४ अंश असतं. सूर तर मुळीच मारू नका. एवढ्या गार पाण्यात एकदम पडलं की धाप लागते आणि त्याच क्षणी नाकातोंडात पाणी जातं. हळूहळू कमरेपर्यंत जा, श्वास ताळ्यावर येईपर्यंत मिनिट-दीड मिनिट थांबा, मगच पोहा. लाटा मोठ्या असतील तर पाय भिजवून परत या; ओढ जबर असते. ब्लेअरमोर या जवळच्या वस्तीपासून किनाऱ्यापर्यंत साडेसहा किलोमीटर चालत जायचं, तेवढंच परत. पाण्यातून निघाल्यावरही अंग आतून गार होत राहतं, म्हणून कोरडे कपडे, लोकरी टोपी, थर्मासमध्ये चहा हवाच. (आमच्या पिशवीत इंदुरी शेवही होती!)