आधी त्यांचं रफ वर्क बघ

अगं,

तुझा मेल मिळाला. पहिल्या वर्षाचं स्टॅटिस्टिक्स, वर्गात 120 मुलं, त्यातली निम्मी बदलापूर नाहीतर नालासोपाऱ्याहून सकाळी सातच्या लेक्चरला धापा टाकत येणारी, आणि त्यात वरून आदेश, की यंदा एआय वापरून प्रत्येक विद्यार्थ्याला त्याच्या गरजेप्रमाणे शिकवायचं. अहवाल मागतीलच, तेव्हा चार फोटो काढून ठेव, म्हणजे तो प्रश्न मिटला. आता खऱ्या कामाचं बोलू.

कोणतं ॲप घेऊ, असं तू विचारलंस. चॅटजीपीटी घे, जेमिनी घे, मुलांच्या फोनवर जे फुकट चालतं ते घे. त्याने फार फरक पडत नाही. मुलं त्यात काय टाकतात, सगळं त्यावर आहे.

या विषयावरच्या प्रत्येक भाषणात तुला अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ बेंजामिन ब्लूम भेटेल. 1984 साली त्याने लिहिलं, की एका मुलामागे एक शिक्षक असला आणि एक पायरी पक्की झाल्याशिवाय पुढची घ्यायची नाही असा नियम पाळला, तर सरासरी मूल नेहमीच्या वर्गातल्या 98 टक्के मुलांच्या पुढे जातं. एवढा मोठा फरक पुढच्या अभ्यासांत दिसला नाही. 2011 मध्ये कर्ट व्हॅनलेन या संशोधकाने बरेच प्रयोग एकत्र तपासले, तेव्हा माणसाने दिलेल्या शिकवणीचा परिणाम ब्लूमच्या निम्म्याहूनही कमी निघाला. तरी तो लहान नाही. मुंबईत हे कुणाला नव्याने सांगायला नको. ज्यांना परवडतं ते मुलांसाठी घरी मास्तर बोलावतातच. पण तो मास्तर नेमकं करतो काय? शेजारी बसून वही बघतो. पोराचा हात कुठल्या ओळीवर अडखळला ते त्याला दिसतं.

हे सोडून बाकी बऱ्याच गोष्टी 'पर्सनलाइज्ड' म्हणून खपवल्या जातात. वर्गात कुणीतरी सांगेलच, ‘मॅम, मी व्हिज्युअल लर्नर आहे,’ म्हणजे चित्रं बघूनच शिकणारा. 2008 मध्ये मानसशास्त्रज्ञ हॅरल्ड पॅशलर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी या शिकण्याच्या शैलींमागचा पुरावा चाळून पाहिला. शैलीप्रमाणे शिकवल्याने जास्त शिकता येतं, असं म्हणण्याजोगं त्यांना फारसं काही सापडलं नाही. आकृती काढायची ती विषयाला हवी म्हणून, आणि मग ती सगळ्यांसाठी. दुसरा प्रकार, ‘मला क्रिकेटच्या उदाहरणातून समजावून सांग.’ सांगू दे बापडं. प्रश्नात रोहित शर्मा आला म्हणून भागाकार सुटत नाही.

आता एक प्रश्न बघ, मी दर वर्षी देते तो. वर्गात 100 मुलं. त्यातली 20 लेक्चरला कायम दांडी मारतात. एकूण नापास 25. दांडीही मारतात आणि नापासही आहेत अशी 10. दांडीबहाद्दरांमधून एक मूल उचललं, तर ते नापास असण्याची प्रॉबॅबिलिटी किती?

उत्तर 10 भागिले 20, म्हणजे 0.5. चुकीची उत्तरं मुख्यतः दोन येतात, 0.1 आणि 0.4. पेपर तपासताना दोन्हींवर आपण सारखीच लाल फुली मारतो. पण 0.1 लिहिणाऱ्याने 10 ला 100 ने भागलं. ‘दांडीबहाद्दरांमधून’ म्हटल्यावर बाकीची 80 मुलं हिशेबातून गेली, हे त्याच्या ध्यानातच आलं नाही. 0.4 वाल्याने 10 ला 25 ने भागलं. गट लहान करायचा हे त्याला कळलंय, पण त्याने गट धरला नापासांचा. प्रश्न उलटा वाचला. पहिल्याला दोन रकाने, दोन ओळींचा तक्ता काढायला लावला की बहुतेक वेळा काम होतं. दुसऱ्याला तक्ता येतो, त्याला विचारायचं, ‘तू कुणाला उचललंस?’ दोघांना एकच व्हिडिओ दाखवून काय होणार?

आता यातल्या कुणीही नुसता प्रश्न चॅटबॉटमध्ये टाकला तर काय होईल? सुरेख, पायऱ्या पायऱ्यांनी मांडलेलं उत्तर येईल. पोरगा ते वाचून म्हणेल, ‘हां, हेच तर मला येत होतं,’ आणि पुढे सरकेल. त्याची चूक मशीनने पाहिलेलीच नाही, कारण त्याने ती दाखवली नाही. दोघांनाही अक्षर अन् अक्षर तेच उत्तर मिळू शकतं. वैयक्तिक काय राहिलं त्यात?

म्हणून एकच नियम लाव. आधी वहीत सोडवायचं, अर्धवट का होईना. मग त्या पानाचा फोटो, आणि सोबत हा मजकूर. तू तो व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकून ठेव, मुलं कॉपी करतील:

‘हा प्रश्न आणि हा माझा प्रयत्न. उत्तर सांगू नकोस. माझी पहिली चूक कोणत्या ओळीत आहे ते दाखव, त्यावर मला एकच प्रश्न विचार आणि मी उत्तर देईपर्यंत थांब. मराठीत बोल, पण पेपरमध्ये येणारे शब्द इंग्रजीतच ठेव.’

मशीन दोन-तीन फेऱ्यांनंतर नियम विसरून उत्तर ओकून टाकतं. मग तोच मजकूर पुन्हा टाकायचा. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेल्या, वर्गात तोंड न उघडणाऱ्या मुलींना मी यावर अर्धा अर्धा तास वाद घालताना पाहिलंय. ‘हे मूर्खासारखं विचारतेय’ ही भीती तिथे नसते. वर्गात मला ते कधी नीट साधलं नाही.

नियम एवढा कडक का, तर 2023 मध्ये तुर्कस्तानातल्या एका शाळेत जवळजवळ हजार मुलांवर प्रयोग झाला. गणिताच्या सरावाला एका गटाला साधा चॅटबॉट दिला, दुसऱ्याला शिक्षकांनी घडवलेला, उत्तर न देता खुणा देणारा. सरावात पहिल्या गटाचे गुण 48 टक्क्यांनी वाढले, दुसऱ्याचे 127 टक्क्यांनी. मग मशीन काढून घेऊन परीक्षा घेतली. साधा चॅटबॉट वापरलेली मुलं, कधीच काही न वापरलेल्यांपेक्षा 17 टक्के खाली गेली. खुणांच्या गटात ही घसरण जवळपास दिसली नाही. पण नीट बघ, त्यांचेही परीक्षेतले गुण इतरांहून वर गेले नाहीत. सरावातल्या गुणांवर भुलू नकोस. दर शुक्रवारी शेवटची दहा मिनिटं फोन बॅगेत, कोरा कागद, एक प्रश्न. खरं काय ते तिथे कळतं.

तुझं स्वतःचं काम त्या शुक्रवारच्या कागदांवर आहे. 120 कागद घेऊन बस आणि उत्तरांवर न जाता चुकांवरून गठ्ठे लाव. 0.1 चा गठ्ठा, 0.4 चा, कोऱ्या कागदांचा. ठाण्याला पोचेपर्यंत सीट मिळाली तर गाडीतही होतं. मग प्रत्येक गठ्ठ्यासाठी मशीनकडून पाच-पाच सरावाचे प्रश्न करून घे. पूर्वी मला यात रविवार जायचा, आता चहा गार व्हायच्या आत होतं. फक्त वाटण्याआधी प्रत्येक प्रश्न स्वतः सोडव. गेल्या सत्रात मला असाच एक देखणा प्रश्न मिळाला होता, तीन शक्यता, त्यातली एक नक्की घडणार, आणि किमती 0.5, 0.4 आणि 0.2. बेरीज कर, 1.1 येते, यायला हवी 1. भाषा इतकी सफाईदार होती, की डोळा सहज घसरला असता.

मुलांनाही ही सवय लाव. एकदा वर्गात स्क्रीनवर बरोबर उत्तर आणून मग टाइप कर, ‘नाही, आमच्या मॅडम म्हणाल्या 0.4 बरोबर आहे.’ काही वेळा ते ठाम राहतं, काही वेळा माफी मागून 0.4 सिद्धही करून देतं. तसं झालं तर वर्ग हसेल, आणि तुला त्यावर वेगळं लेक्चर द्यावं लागणार नाही.

असाइनमेंट एआयने लिहिली का हे ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरच्या नादी लागू नकोस. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयने स्वतःचं असं साधन जुलै 2023 मध्ये अचूकता कमी म्हणून बंद केलं. त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या संशोधकांनी दाखवलं, की इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांनी हाताने लिहिलेले निम्म्याहून जास्त निबंध अशा साधनांनी यंत्राचे ठरवले. आपल्या वर्गात इंग्रजी मातृभाषा आहे कुणाची? शंका आली तर मुलीला समोर बसवून दोन प्रश्न विचार. व्हायवा त्यासाठीच असतो.

मुलांची नावं, रोल नंबर, मार्क, कुणाचं मेडिकल सर्टिफिकेट, यातलं काहीही चॅटबॉटच्या खिडकीत टाकायचं नाही. 2023 चा डेटा संरक्षण कायदा आहे म्हणून तर आहेच, पण तो नसता तरी नाही. वहीचा फोटो काढताना वरचं नाव झाकायला सांग.

आणि पैसेवाल्या आवृत्तीचं काय, हे तू विचारलं नाहीस, पण वर्गात येईल. चार-पाच जणांकडे ती असेल, काहींकडे महिन्याअखेर डेटाच उरलेला नसेल. प्राचार्यांकडे ॲपचं बजेट मागू नकोस, मिळायचं नाही. त्यापेक्षा दुपारी रिकामी असते ती कॉम्प्युटर लॅब आठवड्यातून दोन तास मागून घे, लॅब असिस्टंटशी आधी बोलून. संध्याकाळी मॉलमध्ये नाहीतर डिलिव्हरीला जाणारी मुलं त्याच वेळात बसतील.

पहिल्या दोन शुक्रवारचे गठ्ठे झाले की मला दाखव. कोऱ्या कागदांचा गठ्ठा जाड असेल, त्यासाठी मशीन काही कामाचं नाही. त्यातल्या प्रत्येकाला स्टाफरूममध्ये बोलवावं लागेल, आणि त्याचं वेळापत्रक कसं लावायचं ते आपण बसून ठरवू.

तुझ्या मॅडम