साठ हजार प्रीपेड कार्डात टाकून ठेवू का?

जिंतूरकडच्या एका शेतकरी दादांनी विचारलंय. सोयाबीन मोंढ्यात घातलं, आडतीवरून पट्टी झाली, सगळे मिळून तीनेक लाख एकाच बचत खात्यात पडलेत. लेक यंदा अठराची झाली, लातूरला नीटची तयारी करायलीय, तिला पुस्तकं, टेस्ट सिरीज, मेस असं काही ना काही लागतच राहतं. मधी भावकीतल्या एकाच्या व्हॉट्सअपवर पीएम किसानच्या नावानं फाईल आली, त्यानं ती दाबली अन् खातं साफ झालं, तेव्हापासून दादांना खात्याचं कार्ड ऑनलाईन वापरायची धास्ती बसलीय. मोबाईलच्या दुकानदारानं सुचवलं, 499 चं प्रीपेड कार्ड घ्या, नुसता मोबाईल नंबर लागतो, वर्षाचे साठ हजार भरा अन् पोरीच्या हातात द्या. तर टाकू का?

दादा, खर्चाचा पैसा वेगळा काढायचा तुमचा विचार एकदम बरोबर आहे, पण साठ हजार त्या कार्डात नका टाकू.

प्रीपेड कार्डाचा मोठा उपयोग एकच. कार्डाचा नंबर कुठं फुटला तर जेवढे भरलेत तेवढेच जातात, मागच्या खात्याला हात लागत नाही. आता त्यात वर्षाचा सगळाच खर्च भरून ठेवला तर तो उपयोगच संपला ना, जायचे ते साठ हजारच जाणार. आणि दुकानदार म्हणतो तसलं जे कार्ड मोबाईल नंबरवर मिळतं (ओळखपत्राचा नंबरही द्यावाच लागतो) त्यात साठ हजार बसतच नाहीत, रिझर्व्ह बँकेच्या 2021 च्या नियमात अशा छोट्या कार्डात 10,000 च्या वर शिल्लक ठेवता येत नाही, महिन्यालाही 10,000 च्या वर भरता येत नाहीत, एटीएममधून रोख निघत नाही अन् दुसऱ्याला पाठवताही येत नाहीत. म्हणजे लातूरच्या मेसवाल्या मावशीला पैसे द्यायचे म्हटलं की हे कार्ड कामाचं नाही. पूर्ण केवायसी केली तर 2 लाखापर्यंत शिल्लक चालते, पण बँक नसलेल्या कंपनीचं कार्ड असेल तर रोख एका वेळी 2,000 अन् महिन्याला 10,000 इतकीच.

शिवाय त्या पैशावर व्याज शून्य. बँकेतल्या ठेवीला 5 लाखापर्यंत विमा असतो, तसा वॉलेट म्हणजे असं प्रीपेड खातं काढणाऱ्या कंपनीकडं पडलेल्या पैशाला नाही. कंपनीला ते पैसे बँकेत एस्क्रो खात्यात, म्हणजे स्वतःच्या कामाला वापरता येत नाहीत अशा खात्यात, वेगळे ठेवावे लागतात हे खरंय, तरी कंपनीवर कारवाई झाली की माणूस मधीच अडकतो. 2024 ला पेटीएम पेमेंट्स बँकेच्या वॉलेटात 15 मार्चनंतर नवे पैसे भरणं रिझर्व्ह बँकेनं बंदच केलं, असलेली शिल्लक वापरता आली पण रोजच्या सवयीचा व्यवहार मोडला तो मोडलाच. वर 499 ला 18 टक्के जीएसटी लागला की 589 होतात, अन् वर्षाचा चार्ज, न वापरल्याचा चार्ज, हरवलं तर नव्या कार्डाचा चार्ज हे तुम्हाला कुणी सांगितलेलं दिसत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं, ज्या भीतीनं तुम्ही हे करायलात त्या भीतीवर हे कार्ड औषधच नाही. भावकीतल्या त्या माणसाचा कार्ड नंबर फुटला नव्हता, फोन ताब्यात गेला होता. ती फाईल एपीके, म्हणजे फोनमधी ॲप बसवणारी होती, ती एकदा बसली की बँकेचे मेसेज, ओटीपी सगळं पलीकडच्याला दिसतं, मग खिशात प्रीपेड कार्ड असो की नसो, त्याच फोनवर तीन लाखाच्या खात्याचं यूपीआय चालू असेल तर जायचे ते तिथून जातात. म्हणून मी सांगायलोय ते ऐका, मोठ्या खात्याला यूपीआय अन् मोबाईल बँकिंग नकोच, त्याचा नंबर साध्या बटणाच्या फोनमधी ठेवा. पुढच्या पेरणीपर्यंत न लागणारा पैसा बँकेत जाऊन एफडी करा, पावती घरात ठेवा.

लेकीच्या नावानं बेसिक बचत खातं काढा, मिनिमम बॅलन्सची अट नसते, एटीएम कार्डही फुकट मिळतं. साठ हजाराचे महिन्याला 5,000 होतात, तेवढे दर महिन्याच्या एक तारखेला आपोआप तिकडं जातील अशी बँकेत स्टँडिंग इन्स्ट्रक्शन देऊन टाका, मेसचं, झेरॉक्सचं, गाडीभाड्याचं तिचं तिथून भागतं अन् काही झालंच तर नुकसान पाचेक हजाराच्या आतच राहतं, म्हणजे प्रीपेड कार्डाचं काम झालं की. नीटच्या फॉर्मची फी भरायची असली, 2025 ला खुल्या गटाला 1,700 होती, तर त्या महिन्यात तेवढे जास्तीचे टाका. तिच्या एटीएम कार्डाचा ऑनलाईन वापर बंद-चालू करायची अन् लिमिट ठरवायची सोय बँकेला द्यावीच लागते, 2020 पासूनचा नियम आहे. लागेल तेव्हा चालू करायचं, काम झालं की बंद.

मग प्रीपेड किंवा व्हर्च्युअल कार्ड अजिबातच नको का? तसं नाही. अनोळखी साइटवरून पुस्तक मागवायचंय, किंवा पहिला महिना फुकट म्हणून टेस्ट सिरीज लावली अन् नंतर आपोआप पैसे कटायची भीती आहे, अशा ठिकाणी हजार-दीड हजार भरलेलं कार्ड लई कामाचं. व्हर्च्युअल कार्डाला प्लास्टिक नसतं, नंबर अन् सीव्हीव्ही (कार्डाचा तीन आकडी गुप्त नंबर) ॲपमधीच दिसतो. फक्त ऑर्डर रद्द केली तर रिफंड त्याच कार्डावर येतो, तवर ते बंद करू नका, नाहीतर आपल्याच पैशासाठी कस्टमर केअरच्या मागं फिरावं लागतं. अन् पोरीला ठणकावून सांगा, गिफ्ट कार्ड घेऊन नंबर पाठव म्हणणारा फोन कुणाचाही असो, कट करायचा. चुकून पैसे गेलेच तर लाजायचं नाही, रागावणारही नाही असं आधीच तिला सांगून ठेवा, लगेच सायबर फसवणुकीच्या 1930 हेल्पलाईनला फोन अन् कार्डवाल्या कंपनीला कळवायचं. आपली चूक नसताना गेलेले पैसे तीन दिवसांच्या आत कळवले तर तुमच्यावर बोजा येत नाही, ओटीपी आपणच सांगितला असेल तर मात्र कळवेपर्यंतचं नुकसान आपलंच.

एवढं ऐकूनही छोट्या खर्चाला कार्ड घ्यायचंच असेल तर दुकानदाराला 499 द्यायच्या आधी चार्जेसचा कागद मागा, अन् कार्ड काढणाऱ्या कंपनीचं नाव रिझर्व्ह बँकेच्या साइटवरच्या परवानाधारकांच्या यादीत आहे का ते लेकीकडून तपासून घ्या. नाव सापडलं नाही तर तो विषय तिथंच सोडा.