पहिला एमएमओ: जो तुमच्यासाठी थांबेल तो घ्या

इतर वाचणाऱ्यांसाठी तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते. तुम्ही नाशिकला, धाकटा भाऊ डब्लिनला. दोघांना मिळून एक एमएमओ, म्हणजे हजारो जण एकाच ऑनलाईन जगात खेळतात असा खेळ, खेळायचाय आणि दोघांचाही तो पहिलाच. तुमच्याकडे आठव्या पिढीचा आय-फाइव्ह लॅपटॉप आहे, 8 जीबी रॅम, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. रात्री जेवणं आटोपली की तास-दीड तास मिळतो, तोही रोज नाही. आजवर फक्त बीजीएमआय खेळलात. यादीत वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट, फायनल फँटसी 14, ओल्ड स्कूल रूनस्केप, ईव्ह ऑनलाईन आणि गिल्ड वॉर्स 2 अशी पाच नावं आहेत. आणि प्रश्न: "यातला सगळ्यात भारी कोणता?"

मी 2007 पासून एमएमओ खेळतेय आणि हे पाचही खेळ निदान काही महिने तरी खेळून झालेत. माझं उत्तर गिल्ड वॉर्स 2, युरोपच्या सर्व्हरवर. तो पाचांत सगळ्यात भारी आहे म्हणून नव्हे. तुमच्या आयुष्यात बसेल असा यादीत तोच एक आहे म्हणून.

बीजीएमआयमधून येताय, म्हणून एक फरक आधी सांगते. तिथे शंभर जण उतरतात, अर्ध्या तासात निकाल लागतो आणि ते बेट पुसलं जातं. पुढचा सामना सगळ्यांनाच पहिल्यापासून. एमएमओमध्ये काहीच पुसलं जात नाही. तुम्ही लॅपटॉप बंद करून झोपलात तरी ते जग चालूच असतं. कमावलेलं तुमच्याकडे राहतं, पण बाकीचेही तेवढ्यात पुढे गेलेले असतात. एमएमओची सगळी गोडी यातच आहे आणि सगळा त्रासही यातच. म्हणून माझ्या मते पहिला खेळ निवडताना ग्राफिक्स, गोष्ट, लढाई यांच्याही आधी एक गोष्ट बघावी: मी तीन आठवडे आले नाही, तर हा खेळ माझ्याशी कसा वागेल?

हे मी ठेच लागून शिकले. तेव्हा मी एका अमेरिकन सर्व्हरवर होते, खेळाचं नाव इथे महत्त्वाचं नाही. गिल्डमध्ये, म्हणजे खेळाडूंच्या कायमच्या गटात, हीलर होते, लढताना बाकीच्यांना बरं करणारी. रेड, म्हणजे सगळ्या गटाने मिळून करायची मोठी लढाई, त्यांच्या रात्री आठला, म्हणजे आपल्याकडे पहाटे साडेपाच आणि त्यांची घड्याळं बदलली की साडेसहा. आठ महिने मी आठवड्यातून तीन दिवस पाचला उठून, चहाचा कप कीबोर्डशेजारी ठेवून ते रेड केले. मग वडिलांचं ऑपरेशन झालं आणि मी साडेतीन आठवडे गेले नाही. परत आले तेव्हा मधे नवीन पॅच, म्हणजे खेळात कंपनीने केलेला बदल, आला होता. आठ महिन्यांत जमवलेलं सगळं गिअर (शस्त्रं, चिलखत) एका फटक्यात जुनं झालं होतं आणि माझ्या जागी दुसरी हीलर आली होती. मंडळी चांगली होती, कोणी वाईट बोललं नाही. खेळाची रचनाच अशी होती की चाळीस जण एका माणसासाठी थांबू शकत नव्हते. त्या दिवशी मला फार वाईट वाटलं होतं, आणि तुमच्यावर पहिल्याच खेळात ती वेळ येऊ नये असं मनापासून वाटतं.

आता तुमचं घड्याळ बघा. तुमचे रात्रीचे दहा म्हणजे डब्लिनला उन्हाळ्यात साडेपाच आणि हिवाळ्यात साडेचार. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिकडची घड्याळं मागे गेली की तुम्ही खेळायला बसाल तेव्हा भाऊ ऑफिसातच असेल. म्हणजे आठवडाभर तुम्ही दोघं वेगवेगळ्या वेळी खेळणार आणि एकत्र बसणं शनिवार-रविवारी होणार. मग होतं काय, की एकजण पुढे जातो. भाऊ लेव्हल 40 वर, तुम्ही 14 वर. बहुतेक खेळांत इथेच जोडी तुटते. तो तुमच्या भागात आला तर सगळं एका फटक्यात मारतो, तुम्हाला करायला काही उरत नाही. तुम्ही त्याच्या भागात गेलात तर तुम्ही एका फटक्यात मरता. लेव्हल जुळवून घेण्याची सोय आता वॉरक्राफ्टमध्ये आणि फायनल फँटसीमध्येही आहे, पण ती ठरावीक जागी लागू होते किंवा मुद्दाम चालू करावी लागते. गिल्ड वॉर्स 2 मध्ये ती जमिनीतच मुरलेली आहे. वरच्या लेव्हलचा खेळाडू खालच्या भागात शिरला की त्याची ताकद आपोआप त्या भागाच्या मापाला येते, आणि तरीही त्याला तिथलं बक्षीस कामाचं मिळतं. म्हणजे भाऊ तुमच्यासाठी मागे आला तर त्याचा वेळ फुकट जात नाही.

दुसरं म्हणजे लेव्हलची कमाल मर्यादा. हा खेळ 28 ऑगस्ट 2012 ला आला तेव्हा ती 80 होती, आज इतकी एक्स्पान्शन्स, म्हणजे विकत घ्यायचे नवे भाग, आल्यावरही 80 च आहे. वरच्या दर्जाच्या चिलखताचे आकडे वाढवत नेण्याची शर्यत इथे नाही. मी एकदा जवळजवळ दोन वर्षं खेळ सोडला होता. परत आले, तीच तलवार, तेच चिलखत, आणि त्याच संध्याकाळी मी बाकीच्यांच्या खांद्याला खांदा लावून लढत होते. दोन-चार नवी कौशल्यं शिकावी लागली, एवढंच.

तिसरं, आणि मला सगळ्यात जास्त भावलेलं: इथे अनोळखी माणूस समोरून येताना दिसला की आनंद होतो. जुन्या पद्धतीच्या खेळांत तुम्ही मारत असलेल्या राक्षसाला दुसऱ्याने आधी हात लावला की बक्षीस त्याचं, त्यामुळे आजूबाजूचा प्रत्येकजण वाटेकरी वाटतो. गिल्ड वॉर्स 2 मध्ये लढाईत ज्याने हातभार लावला त्या प्रत्येकाला त्याचा त्याचा वाटा वेगळा मिळतो. खाणीतला धातूही तसाच, मी खणला म्हणून तुमचा संपत नाही. आणि पडलेल्या माणसाला कोणीही उठवू शकतं, त्यासाठी हीलर असावं लागत नाही.

मानव वंश निवडलात तर सुरुवात क्वीन्सडेल नावाच्या भागात होते. तिथे शेमूर गावाबाहेर डाया नावाच्या शेतकरणीचं शेत आहे. तुमच्या पहिल्या कामांपैकी एक म्हणजे तिच्या मक्याला पाणी घालणं, गुरांना चारा टाकणं आणि जमिनीतून अळ्यांचे उंचवटे वर आले की ते पायाने तुडवणं. मी पहिल्यांदा गेले तेव्हा पाण्याची बादली उचलून मक्याच्या ओळीत फिरत होते आणि मागून एक मोठी अळी वर आली. मला डॉज कसं करायचं, म्हणजे वार कसा चुकवायचा, तेच माहीत नव्हतं. पडले. रस्त्यावरून एकजण भरधाव चालला होता, अंगावर झगमगणारं चिलखत, अर्थात लेव्हल 80 चा. तो थांबला, वळला, माझ्याशेजारी गुडघे टेकून बसला आणि मला उठवलं. एक अक्षरही न लिहिता, हात हलवून निघून गेला. बारा वर्षं झाली असतील, अजून लक्षात आहे. नंतर मी स्वतः कितीतरी नव्या लोकांसाठी त्याच शेतात थांबलेय.

यादीतल्या बाकीच्यांबद्दलही सांगते, नाहीतर उगाच एकाचीच तरफदारी केल्यासारखं होईल.

फायनल फँटसी 14 ची गोष्ट या सगळ्यांत उजवी आहे, यात मला शंका नाही. 2010 ची पहिली आवृत्ती इतकी फसली की कंपनीने ती बंद केली, नाओकी योशिदा यांच्याकडे सूत्रं दिली आणि 2013 मध्ये खेळ नव्याने उभा केला. फुकटची ट्रायल फार उदार आहे, लेव्हल 70 पर्यंत, वेळेचं बंधन नाही. तुम्ही एकट्या असतात तर मी हाच सांगितला असता. पण दोन अडचणी आहेत. मी ट्रायलवर होते तेव्हा ट्रायलवाल्याला स्वतः पार्टी (एकत्र खेळायचा छोटा गट) बनवता येत नव्हती, पूर्ण खेळ घेतलेल्या कोणीतरी बोलवावं लागायचं. तुम्ही दोघंही ट्रायलवर असाल तर हे नियम आधी वाचून घ्या. आणि 2024 च्या ग्राफिक्स अपडेटनंतर तो तुमच्या लॅपटॉपला जड जाईल. शिवाय गोष्ट प्रत्येकाला आपापली पुढे न्यावी लागते, शंभर-शंभर तास. भावंडांनी एकत्र बसून गप्पा मारत करायचं ते काम नाही.

वॉरक्राफ्ट 2004 चा. एमएमओ म्हणजे काय हे निम्म्या जगाला त्यानेच शिकवलं. लेव्हल 20 पर्यंत फुकट, पुढे महिन्याचे पैसे. महिन्याचे पैसे भरायचे म्हटलं की "भरलेत तर खेळलंच पाहिजे" असं डोक्यात बसतं, आणि तुम्हाला रोज वेळ नाही. त्यात ऑक्टोबर 2021 पासूनच्या रिझर्व्ह बँकेच्या नियमांमुळे परदेशी ऑटो-डेबिट आपल्या कार्डांवर कधी जातं, कधी अडतं. आत्ता नको.

ईव्ह ऑनलाईन, आइसलँडच्या कंपनीचा. 2003 पासून जवळजवळ सगळं जग एकाच सर्व्हरवर. जानेवारी 2014 मध्ये त्यात एकवीस तास चाललेली लढाई झाली आणि हजारो खेळाडू तिच्यात उतरले होते. अशा गोष्टी दुसरीकडे कुठेच घडत नाहीत. पण जहाज फुटलं की गेलं, आणि फसवणूक हा तिथे खेळाचाच भाग आहे. चौथा-पाचवा एमएमओ म्हणून जरूर खेळा.

ओल्ड स्कूल रूनस्केप मात्र बाजूला ठेवू नका, फोनवर टाका. 2007 सालच्या खेळावर बेतलेला आहे, कुठल्याही लॅपटॉपवर चालतो आणि 2018 पासून तेच खातं मोबाईलवरही चालतं. त्यात सगळं 0.6 सेकंदांच्या ठोक्यावर घडतं, त्यामुळे पिंग (सर्व्हरपर्यंत निरोप जाऊन यायला लागणारा वेळ) दीडशे मिलिसेकंद असलं तरी फरक पडत नाही. पहिल्या कामांत लंब्रिजच्या वाड्यातल्या आचाऱ्याला केकसाठी अंडं, दूध आणि पीठ आणून द्यायचं असतं. गहू शेतातून तोडायचा, पवनचक्कीच्या वरच्या मजल्यावर नेऊन टाकायचा, खाली येऊन पीठ भरायचं. इतकं साधं, तरी ते पीठ मडक्यात पडतं तेव्हा बरं वाटतं. खेळ संथ आहे, एखाद्या कौशल्यात लेव्हल 92 ला पोचलात की 99 च्या वाटेवरचा अर्धाच अनुभव जमलेला असतो. दोघं शेजारी उभं राहून झाडं तोडत गप्पा मारता येतात, पण एकत्र करायचं असं सुरुवातीला थोडंच आहे. पुढे आवडला तर दोन ते पाच जणांच्या गटाने बाहेरच्या कोणाशी देवघेव न करता खेळायचा ग्रुप आयर्नमॅन प्रकार बघा, भावंडांसाठी तो छान आहे. एक सावधगिरी: "तुझं सोनं दे, दुप्पट करून देतो" म्हणणारे भेटतील. द्यायचं नाही.

तुमच्या यादीत नाही, पण कोणीतरी सुचवेलच म्हणून लिहिते. अल्बियन ऑनलाईनचा आशियाई सर्व्हर आहे आणि भारतातून तिथे पिंग चांगलं मिळतं. दोघंही भारतात असतात तर विचार केला असता. भाऊ डब्लिनला आहे, आणि धोक्याच्या भागात मेलात की अंगावरचं सगळं जातं. सोडा.

आता कामाचं. गिल्ड वॉर्स 2 चा मूळ खेळ 2015 पासून फुकट आहे. फुकट खात्याला मर्यादा आहेत, पात्रं दोनच, बाजारात मोजक्याच वस्तू, चॅटवरही थोडी बंधनं. सुरुवातीला यातलं काही अडत नाही. खातं थेट त्यांच्या साइटवर काढायचं की स्टीम या खेळांच्या ऑनलाईन दुकानावर, हे आधी ठरवा, कारण दोन्ही खाती नंतर जोडता येत नाहीत. खेळायला मात्र स्टीमवाला आणि बिगरस्टीमवाला एकत्र येतात. यूपीआयने पैसे भरायचे असतील तर स्टीम सोयीचं पडेल. खातं काढताना दोघांनीही युरोपच निवडा. तुम्ही एका बाजूला आणि तो दुसऱ्या बाजूला असं झालं तर भेट होणार नाही. मला पुण्याहून युरोपला दीडशेच्या आसपास पिंग मिळतं आणि डॉज वेळेवर होतो.

लॅपटॉपसाठी: खेळ एसएसडीवरच टाका. सेटिंगमध्ये एकाच वेळी किती खेळाडू दाखवायचे याची मर्यादा असते, ती सगळ्यात खालच्या पायरीवर आणा. याचा खरा उपयोग क्वीन्सडेलच्या दलदलीत दर दोन तासांनी येणाऱ्या शॅडो बेहेमथ नावाच्या महाराक्षसाच्या वेळी कळेल. तिथे पन्नास-साठ जण जमले की माझा जुना लॅपटॉप, तुमच्यासारखाच, अक्षरशः गुदमरायचा. ती एक सेटिंग बदलल्यावर लढता येऊ लागलं.

लेव्हल 80 होईपर्यंत एक रुपयाही खर्च करू नका. तुमच्या वेळेत दोन-अडीच महिने सहज लागतील आणि तेवढ्यात आवडलं की नाही ते कळेल. आवडलं तर हार्ट ऑफ थॉर्न्स आणि पाथ ऑफ फायर ही दोन एक्स्पान्शन्स एकत्र मिळतात ती घ्या. पाथ ऑफ फायरमधल्या सवारीच्या प्राण्यांमुळे तोच प्रदेश नव्याने बघितल्यासारखा वाटतो. बाहेरच्या साइटवरून सोनं विकत घेऊ नका, खातं बंद होतं.

बोलायला वेगळं काही लागत नाही, व्हॉट्सॲप कॉल चालू ठेवला तरी भागतं. पहिल्या शनिवारी दोघांनीही मानवच निवडा, पार्टी करा आणि सरळ डायाच्या शेतावर जा. रविवारी तुमच्या रात्री दहाच्या सुमारास मी युरोपवर असतेच. भावाला सुट्टी कोणत्या वारी असते आणि खातं कुठे काढलंत ते इथे खाली लिहा, दलदलीतल्या पहिल्या बेहेमथला मी येते सोबत.